रात्री न झोपणारा इन्स्पेक्टर

रविवारी मागाला सुट्टी, म्हणून इथे येवल्यात जाऊबाईंसोबत ‘तलाश’ पाहिला. रीमा कागतीचा, २०१२ चा. एका नटाची गाडी रात्री समुद्रात जाते आणि आमीर खानचा इन्स्पेक्टर शेखावत तपास करतो. पण खरा पेच त्याच्या घरात! मुलगा पाण्यात बुडून गेलेला. हा स्वतःलाच दोषी धरतो, रात्र-रात्र गाडी फिरवतो, बायकोशी मात्र बोलत नाही. राणी मुखर्जीची रोशनी शेजारणीकडून मुलाचा निरोप मिळवू पाहते, तर हा भडकतो. (शेवट सांगत नाही. मला तो जरा ओढून आणलेला वाटला.)

जाऊबाई एकदम म्हणाल्या, “आमचं बाळ गेलं तेव्हा हेही रात्री गल्लीत फेऱ्या मारायचे. मला वाटायचं, यांना काहीच वाटत नाही गं.”

चहा टाकायला उठले, तर त्यांनी हात धरून बसवलं.