दहा किलोचं मूल, डोस किती?

दिवस पूर्ण न होता जन्मलेली बाळं मध्येच श्वास घ्यायची थांबतात. त्यांचा श्वास चालू राहावा म्हणून नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात (एनआयसीयूत) त्यांना दिलं जातं कॅफीन. होय, कॉफीतलंच! मोठ्या माणसाच्या रक्तातलं कॅफीन साधारण ५ तासांत निम्मं होतं, नवजात बाळाच्या रक्तात त्याला ३-४ दिवस लागतात. ते मोडणारं यकृतातलं एन्झाइम अजून कामालाच लागलेलं नसतं, त्यामुळे बरंचसं कॅफीन जसंच्या तसं लघवीतून बाहेर पडतं.

मग मूल जितकं लहान तितकं औषध जास्त टिकतं म्हणायचं का? मुळीच नाही. तेच बाळ दोन-तीन वर्षांचं झालं की चित्र उलटतं. दम्यावरचं थिओफिलीन या वयातली मुलं इतक्या झपाट्याने संपवतात की किलोमागे त्यांना मोठ्यांपेक्षा जास्त डोस लागतो.

मोठ्यांच्या डोसवरून मुलांचा डोस काढण्याची खटपट जुनी आहे. प्रकाशाच्या लहरी दाखवून देणारे थॉमस यंग पेशाने डॉक्टर होते. त्यांच्या नावाचा नियम असा : मुलाच्या वयाला, वय अधिक १२ या संख्येने भागा. चार वर्षांच्या मुलाला चार भागिले सोळा, म्हणजे मोठ्यांच्या पाव डोस. क्लार्कचा नियम वजनावर चालतो : पौंडांतल्या वजनाला १५० ने भागा. सोपं, सुटसुटीत आणि बऱ्याचदा चुकीचं.

१९३२ मध्ये मॅक्स क्लायबर यांनी लहानमोठ्या प्राण्यांचा ऊर्जाखर्च मांडला. तो वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, वजनाच्या ०.७५ घाताने वाढतो. औषध शरीराबाहेर टाकण्याचा वेगही साधारण याच वाटेने जातो. दहा किलोचं मूल आणि सत्तर किलोचा माणूस घ्या. वजनाचं साधं गणित सांगतं, मुलाला १४ टक्के डोस द्या. क्लायबरचं गणित सांगतं २३ टक्के. किलोमागे पाहिलं तर १.६ पट!

वजनाला आंधळेपणाने गुणण्याचं सगळ्यात दुःखद उदाहरण १९६२ चं, ओक्लाहोमा सिटीतलं. प्रयोगासाठी टस्को नावाच्या हत्तीला २९७ मिलिग्रॅम एलएसडी टोचलं गेलं. मांजराच्या डोसला हत्तीच्या वजनाने गुणलं की साधारण हाच आकडा येतो. पाच मिनिटांत हत्ती कोसळला आणि दोन तासांच्या आत मेला.

पण नुसता घातांकही पुरत नाही, कारण नवजात बाळाचे अवयव लहान असतात आणि कोवळेही. १९५९ मध्ये ‘ग्रे बेबी सिंड्रोम’चं कारण उलगडलं : क्लोरॅम्फेनिकॉल हे अँटिबायोटिक निष्क्रिय करून बाहेर टाकणं बाळाच्या यकृताला जमत नव्हतं, ते रक्तात साठत गेलं, बाळं राखाडी पडली आणि दगावली. म्हणून डोस ठरवणाऱ्या आजच्या मॉडेलमध्ये वजनाच्या जोडीला वय असतं, तेही आईच्या शेवटच्या पाळीपासून आठवड्यांत मोजलेलं. मूत्रपिंडाचंच बघा. आकाराचा फरक वजा केला, तर चाळिसाव्या आठवड्याला जन्मलेल्या बाळाची गाळणी मोठ्यांच्या सुमारे एक तृतीयांश चालते, ४८ व्या आठवड्याच्या आसपास निम्मी आणि पहिल्या वाढदिवसापर्यंत ९० टक्के.

हे पडताळायला मुलांचं रक्त लागतंच, पण थोडं. कॅलिफोर्नियात लुईस शायनर आणि स्टुअर्ट बील यांनी ‘नॉनमेम’ नावाचं सॉफ्टवेअर घडवलं. प्रत्येक मुलाचे दोन-तीनच नमुने घ्यायचे, तेही वेगवेगळ्या वेळी. सगळ्यांचे मिळून औषधाचा अख्खा आलेख उभा राहतो. तान्ह्या बाळाला पुन्हा पुन्हा टोचावं लागत नाही, एवढ्यासाठीही मला हे गणित प्रिय आहे.

मोठ्यांची माहिती कुठवर चालते हे आजारावर ठरतं. मेंदूच्या एका भागात सुरू होणाऱ्या फिट्सवर मोठ्यांना लागू पडलेलं औषध दोन वर्षांवरच्या मुलांनाही लागू पडेल, असं अमेरिकेचं औषधनियामक एफडीए मानतं. रक्तातली पातळी जुळवा आणि सुरक्षितता तपासा, एवढंच ते मागतं. नैराश्यात मात्र ही वाट बंद होते. मोठ्यांना उपयोगी पडलेली ट्रायसायक्लिक औषधं लहान मुलांमध्ये निष्प्रभ ठरली.

आणि आता टीबी. जगातले सर्वाधिक क्षयरुग्ण भारतात आहेत, त्यामुळे ही गोष्ट थेट आपली. पूर्वी मुलांनाही किलोमागे मोठ्यांइतकंच औषध सांगितलेलं होतं : रिफाम्पिसिन १० मिलिग्रॅम, आयसोनियाझिड ५, पायराझिनामाइड २५. मुलांच्या रक्तात औषध मोजलं, तेव्हा ते मोठ्यांच्या मानाने फारच कमी भरलं. २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आकडे वाढवले : १५, १० आणि ३५. आता जुन्या आकड्यांना मघाचे १.६ लावून पाहा. १६, ८ आणि ४० येतात. रक्त मोजून ठरवलेल्या आकड्यांच्या किती जवळ! क्लायबरचा घातांक तेव्हा जवळजवळ ऐंशी वर्षांचा झाला होता, आणि तोवर किती लेकरं अपुऱ्या डोसवर राहिली असतील या विचाराने जीव कळवळतो.

नव्या आकड्यांची गोळी यायला आणखी पाच वर्षं गेली. डिसेंबर २०१५ पर्यंत कित्येक आयाबाया मोठ्यांच्या कडू गोळ्या मोडून, कुटून भरवत होत्या. आताची गोळी पाण्यात विरघळते, फळांच्या चवीची आहे, आणि तिच्यात रिफाम्पिसिन ७५, आयसोनियाझिड ५० आणि पायराझिनामाइड १५० मिलिग्रॅम असतं. आपल्या सरकारी क्षय कार्यक्रमात ८ ते ११ किलोच्या मुलाला अशा दोन गोळ्या रोज मिळतात, सोबत एथॅम्ब्युटॉल वेगळं. दहा किलोच्या मुलाला रिफाम्पिसिन किती पोचलं? १५० मिलिग्रॅम, किलोमागे बरोबर १५.