राजीनामा ड्राफ्टमध्ये, एमए मनामध्ये!

माणसं घोळक्यात वेगळीच का वागतात, हा प्रश्न तुम्हालाही छळतो? सोशल सायकॉलॉजी तुमची वाट बघतंय. पण 'सेंड' दाबण्याआधी हे वाचाच.

सोमवारची मीटिंग. बॉसचा नवा प्लॅन कुणालाच पटलेला नाही. 'एनी ऑब्जेक्शन्स?' सगळे गप्प. माना डोलतात. पाचच मिनिटांत खाली चहाच्या टपरीवर त्याच प्लॅनची चिरफाड सुरू! ओळखीचं वाटतंय ना?

सॉलोमन अ‍ॅश यांनी १९५१ मध्ये नेमकं हेच तपासलं. कोणती रेघ कोणत्या रेघेइतकी लांब आहे, एवढाच सोपा प्रश्न. पण खोलीतले बाकीचे सगळे 'सामील' होते आणि ठरवून चुकीचं उत्तर देत होते. डोळ्यांना स्पष्ट दिसत असूनही सुमारे तीन चतुर्थांश लोकांनी निदान एकदा तरी त्यांच्या होला हो केलं.

आणि हे शास्त्र फक्त अमेरिकेतलं नाही बरं का. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर जमुना प्रसाद यांनी लोकांमधल्या अफवा गोळा केल्या. ज्यांना धक्का जाणवला, पण ज्यांचं काहीच नुकसान झालं नव्हतं, तेही याहून मोठं संकट येणार असं सांगत होते. घाबरलेली माणसं आणखी भीतीदायक गोष्टी का पसरवतील? या कोड्यातून लिऑन फेस्टिंगर यांना वाट सापडली: भीती मनात आधीच होती, अफवा तिला कारण पुरवत होत्या. १९५७ चा 'कॉग्निटिव्ह डिसोनन्स'चा गाजलेला सिद्धांत असा सुरू झाला. फॅमिली ग्रुपवरचे फॉरवर्ड्स आठवले की नाही?

आमची एक मैत्रीण याच किश्श्यांच्या प्रेमात पडली. वय २८, मार्केट रिसर्चमधली बरी नोकरी, डोक्यावर फ्लॅटचा ईएमआय. नोकरी सांभाळून डिस्टन्सने एमए करायचं, असा तिचा बेत. पण २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून यूजीसीने सायकॉलॉजीचे डिस्टन्स आणि ऑनलाइन प्रवेशच बंद केले. म्हणजे आता वर्गात बसायचं. दोन वर्षं. पगाराविना. आई म्हणाली, "अगं, आता कशाला पुन्हा शाळा?"

आईचा प्रश्न अगदीच चुकीचा नाही. म्हणून थोडा रिअ‍ॅलिटी चेक.

एक, आपल्याकडे बहुतेक ठिकाणी एमए सायकॉलॉजीचं असतं आणि सोशल सायकॉलॉजी हा त्यातला एक भाग. सिलॅबस नीट बघा. दोन, ही डिग्री घेऊन कुणाचं डिप्रेशन बरं करता येत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर वेगळं प्रशिक्षण आणि नोंदणी लागते. तीन, स्टॅटिस्टिक्सपासून सुटका नाही. चार, पुस्तकातले सगळेच प्रयोग टिकलेले नाहीत. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले, तेव्हा जेमतेम ३६ टक्क्यांत पुन्हा ठोस निकाल मिळाला. सोशल सायकॉलॉजीत त्याहूनही कमी. किश्शांवर भाळून जाणार असाल तर पहिल्याच सेमिस्टरला भ्रमनिरास होईल. 'हे खरंच असं असतं का?' असं विचारायची खाज असेल, तर मात्र मजा आहे.

पुढे काय? मार्केट रिसर्च, यूएक्स, एचआर, आरोग्य किंवा मतदान जागृतीच्या मोहिमा, एनजीओ, नाहीतर पीएचडी. दारं आहेत, पण पाटी लावून कुणी उभं नाही. ठोठावावी लागतात.

मैत्रिणीने एका वर्षाचे हप्ते बाजूला काढलेत. रविवारी स्टॅट्सचा क्लास लावलाय. फॉर्म भरून झालाय, राजीनामा अजून ड्राफ्टमध्ये.

आणि हो, गेल्या सोमवारी 'एनी ऑब्जेक्शन्स?' झालं, तेव्हा तिने हात वर केला. तिच्यामागून आणखी दोन हात वर आले. अ‍ॅशच्या प्रयोगातही असंच झालं होतं म्हणे: एक जरी सोबती खरं बोलला, तरी बाकीच्यांच्या होला हो करणं झपाट्याने कमी व्हायचं.