मुदतीचा संदेश : संगणक पुढचे काम कसे लक्षात ठेवतो?

दर्शनी हुंडी दाखवताच पैसे मोजावे लागतात. मुदती हुंडी ठरलेल्या दिवसापर्यंत पेटीत पडून राहते. हा भेद आपल्या व्यापारी बांधवांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. संगणकाच्या व्यवहारातही असेच दोन प्रकारचे संदेश असतात. एक लगेच पार पाडायचा, दुसरा मुदतीने. या दुसऱ्या प्रकाराविषयी आज आम्ही लिहीत आहोत. बिलाची आठवण, हप्त्याची वसुली, मागणीची मुदत ही कामे आता अनेक पेढ्यांत संगणकावर सोपविली जातात. त्यात चूक झाली तर पैशापेक्षा साखेचे नुकसान मोठे होते.

समजा, मालेगावच्या एका यंत्रमागधारकाने मुंबईच्या व्यापाऱ्याला 30 दिवसांच्या उधारीवर कापड दिले. तिसाव्या दिवशी सकाळी 10 वाजता व्यापाऱ्याच्या मोबाइलवर बिलाची आठवण जावी, अशी त्याची इच्छा आहे. बिल बनविणाऱ्या प्रोग्रामलाच 30 दिवस थांबून राहायला सांगितले, तर मध्ये एकदा वीज गेली किंवा संगणक बंद करून सुरू केला की ती आठवण पुसली जाते. म्हणून संदेश स्वतःजवळ न ठेवता तो एका भरवशाच्या तिऱ्हाइताकडे ठेवण्याची पद्धत पडली.

रांगेचे काम कसे चालते

या तिऱ्हाइताला 'मेसेज क्यू', म्हणजे संदेशांची रांग म्हणतात. अनेक प्रोग्रामांचे संदेश अशा रांगांतून इकडून तिकडे पोचविणाऱ्या मोठ्या व्यवस्थेला 'सर्व्हिस बस' असे नाव आहे. मायक्रोसॉफ्टची 'अॅझ्युअर सर्व्हिस बस' हे तिचे एक उदाहरण. आपला प्रोग्राम तिच्याकडे संदेश देतो आणि सोबत तारीख व वेळ लिहितो. व्यवस्था संदेश ठेवून घेते आणि पावतीसारखा एक क्रमांक परत देते. मुदत भरेपर्यंत तो संदेश कोणाच्याही हाती लागत नाही. मुदत भरली की तो रांगेत उभा राहतो. मग काम करणारा दुसरा प्रोग्राम तो उचलतो, काम पार पाडतो आणि 'झाले' असे कळवितो. तेव्हाच संदेश रांगेतून काढला जातो.

नेमलेली वेळ म्हणजे 'त्याआधी नाही' एवढेच समजावे. रांगेत गर्दी असेल तर काम थोडे उशिराही होईल.

रक्कम नको, बिलाचा नंबर द्या

सर्वांत मोठा धोका येथेच आहे. वरील व्यापाऱ्याने पंचविसाव्या दिवशीच पैसे चुकते केले. संदेशाला ते ठाऊक नाही, तो 25 दिवस आधीपासून पेटीत पडून आहे. तिसाव्या दिवशी सकाळी तगादा जातो. फोनवर चार शब्द ऐकून घेता येतील. पण जुन्या गिऱ्हाइकाने पुढची मागणी दुसऱ्याकडे दिली तर?

म्हणून संदेशात रक्कम लिहू नये, फक्त बिलाचा नंबर लिहावा. मुदत भरल्यावर प्रोग्रामने आधी खाते उघडून पाहावे. बाकी असेल तरच आठवण पाठवावी, नसेल तर गुपचूप संदेश निकालात काढावा. मुदतीचा संदेश हा हुकूम समजू नये. 'आज हे खाते पाहा' एवढीच ती चिठ्ठी आहे.

एकच संदेश दोनदा

प्रोग्राम संदेश उचलतो तेव्हा तो काही काळ कुलूपबंद होतो, म्हणजे दुसऱ्या कोणाला दिसत नाही. आठवण पाठविली, पण 'झाले' कळविण्याआधीच प्रोग्राम बंद पडला, तर कुलूप सुटते आणि तोच संदेश पुन्हा रांगेत येतो. आठवण दोनदा गेली तर ओशाळवाणे वाटेल, पण हप्ता दोनदा कापला गेला तर तंटाच होईल. यावर उपाय म्हणजे प्रत्येक काम बिलाच्या नंबरासह खात्यात नोंदवावे आणि करण्यापूर्वी ती नोंद तपासावी.

वारंवार फसलेला संदेश शेवटी 'डेड लेटर क्यू' या वेगळ्या रांगेत टाकला जातो. अॅझ्युअरमध्ये साधारणपणे 10 प्रयत्नांनंतर असे होते. ही रांग कोणीतरी रोज पाहिली पाहिजे, नाहीतर आठवणी तेथेच पडून राहतील.

पावतीचा क्रमांक जपा

'उद्या ईद, पेढी बंद' असा निरोप परगावच्या गिऱ्हाइकांना 29 रमजानच्या रात्री जाईल, अशी तजवीज कोणी आधीच करून ठेवली. चंद्रदर्शन झालेच नाही तर? निरोप सुटण्यापूर्वी तो रद्द करता येतो, पण त्यासाठी व्यवस्थेने दिलेला क्रमांक जपलेला हवा. ठेवलेल्या संदेशाची तारीख खोडून बदलता येत नाही. जुना रद्द करून नवा द्यावा लागतो.

घड्याळाचीही एक गोम आहे. अॅझ्युअरमध्ये वेळ यू.टी.सी. या जागतिक प्रमाणवेळेत द्यावी लागते. आपली वेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. सकाळचे 10 हवे असतील तर 4.30 लिहावे. चुकून 10 लिहिले तर निरोप दुपारी साडेतीनला निघेल.

सगळ्या रांगा सारख्या नाहीत

अॅमेझॉनच्या 'एस.क्यू.एस.' या रांगेत संदेश जास्तीत जास्त 15 मिनिटेच मागे ठेवता येतो. महिन्याच्या उधारीला ती एकटी पुरत नाही. 'रॅबिट एम.क्यू.'मध्ये मुदत संपलेला संदेश दुसऱ्या रांगेत वळवून हे काम साधतात. पण एकाच रांगेत पुढे 30 दिवसांचा आणि मागे 7 दिवसांचा संदेश असेल, तर मागचा पुढच्यासाठी अडून बसू शकतो. तेथे प्रत्येक मुदतीची रांग वेगळी ठेवणे बरे.

आपल्याला याची गरज आहे का?

आम्ही स्पष्टच सांगतो, महिन्याला पन्नास-शंभर बिले असणाऱ्या पेढीला सर्व्हिस बसची गरज नाही. रोज सकाळी एकदा सगळे खाते चाळून मुदत भरलेली बिले काढणारा साधा प्रोग्राम पुरतो. काम हजारोंच्या घरात असेल, मिनिटांचा हिशेब असेल किंवा अनेक शाखा एकमेकींना काम देत असतील, तेथे ही व्यवस्था शोभते.

मात्र प्रोग्राम लहान असो वा मोठा, पैसे देण्यापूर्वी बनविणाऱ्याला चार प्रश्न जरूर विचारावेत. आठवण पाठविण्याआधी खाते पाहिले जाते का? एकच काम दोनदा झाले तर काय होते? दिलेली मुदत रद्द कशी करायची? फसलेले संदेश कोण पाहतो? उत्तरे समाधानकारक मिळाली तरच व्यवहार करावा.