टँकमधलं पोहणं आणि मालवणचं पाणी

“आम्हाला पोहता येतं हो, काळजी करू नका.” मालवणच्या किनाऱ्यावर सुट्ट्यांच्या दिवसांत हे वाक्य हमखास कानावर पडतं. बोलणारा खोटं बोलत नसतो. कोल्हापूर-बेळगावकडच्या विहिरीत तो लहानपणापासून उड्या मारत आलेला असतो, नाहीतर पुण्यातल्या टँकमध्ये रोज सकाळी हजार मीटर पोहत असतो. रापणीचं जाळं ओढून दमलेला कुणी मच्छीमार त्याला सांगतो, “आज पाण्याक वढ आसा, आत जाव नकात.” तो मान डोलावतो आणि आत जातो. अलीकडे तर या वाक्याला एक पुस्ती जोडली गेली आहे: “इथे समुद्रात पोहण्याच्या स्पर्धा होतात. लहान पोरं पोहून जातात. मग धोका कसला?”

मालवणबद्दलच्या सगळ्या गैरसमजांत मला हाच सर्वांत घातक वाटतो, कारण त्यातली दोन्ही विधानं खरी आहेत. माणसाला पोहता येतं आणि चिवल्याच्या किनाऱ्यावर डिसेंबरच्या सुमारास सागरी जलतरण स्पर्धाही भरते. शाळकरी मुलांपासून साठी ओलांडलेल्यांपर्यंत शेकडो जण त्यात उतरतात. पण टँकचं पाणी, स्पर्धेचं पाणी आणि एरवीचा समुद्र या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकीतली पात्रता दुसरीत आपोआप चालत नाही.

आधी टँक घ्या. ऑलिंपिक मापाचा टँक ५० मीटर लांब, एकेक मार्गिका अडीच मीटर रुंद, पाणी २५ ते २८ अंश सेल्सिअस. तळाशी काळी रेघ असते, म्हणून डोकं वर न काढता सरळ जाता येतं. मार्गिकांमधल्या तरंगत्या दोऱ्या लाटा मोडतात. २५ मीटरच्या टँकमध्ये हजार मीटर पोहणारा माणूस ३९ वेळा वळतो, म्हणजे ३९ वेळा भिंतीला पाय लावून ढकलून घेतो. त्या प्रत्येक ढकलण्यात काही मीटर फुकटचे मिळतात आणि हातांना क्षणभर उसंत मिळते. समुद्रात भिंत नाही, रेघ नाही. दर काही हातांनंतर मान उचलून दिशा बघावी लागते. ज्या बाजूने श्वास घ्यायची सवय आहे नेमकी त्याच बाजूने लाट आली तर हवेऐवजी खारं पाणी तोंडात जातं. हे सगळं शिकता येतं, पण ते टँकमध्ये आपसूक शिकून होत नाही.

आता स्पर्धा. स्पर्धेचा समुद्र आखलेला असतो. महिना, तारीख आणि वेळ भरती-ओहोटी बघून ठरवलेली असते, मार्गावर बोये टाकलेले असतात, होड्या आणि जीवरक्षक पाण्यात असतात, डोक्यावरच्या रंगीत टोप्या मोजल्या जातात. आंतरराष्ट्रीय नियम तर आणखी काटेकोर आहेत. पाणी १६ अंशांपेक्षा थंड नको, ३१ पेक्षा गरम नको. खोली कुठेही १.४० मीटरपेक्षा कमी नको. भरतीचा किंवा प्रवाहाचा जोर सौम्यच हवा. यातली ३१ अंशांची मर्यादा एका मृत्यूनंतर आली. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या फुजैराला १० किलोमीटरच्या विश्वचषक शर्यतीत फ्रान क्रिपन हा अमेरिकेचा अव्वल जलतरणपटू शेवटच्या टप्प्यात दिसेनासा झाला. तो परतला नाही हे आधी लक्षात आलं ते त्याच्याबरोबर पोहणाऱ्यांच्या. जगातल्या उत्तम पोहणाऱ्यांपैकी एक, तोही शर्यतीत, आणि तरीही हे घडलं. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये सीन नदीतल्या १० किलोमीटरच्या शर्यतीत प्रवाहाविरुद्ध जाताना पट्टीचे जलतरणपटू काठाच्या भिंतीला चिकटून पोहत होते, कारण मधल्या धारेत जाणं त्यांनाही परवडत नव्हतं. मग रविवारी दुपारी जेवण करून मालवणजवळच्या देवबागला पाण्यात उतरणाऱ्याला “पोहता येतं” एवढं कसं पुरेल?

मच्छीमार ज्याला ओढ म्हणतात ती नेमकी काय असते, हे सांगायलाच हवं. वाळूच्या किनाऱ्यापासून थोडं आत, पाण्याखाली वाळूचे लांबट उंचवटे असतात. लाटा त्यांच्यावर फुटतात आणि पाणी किनाऱ्याकडे लोटलं जातं. ते परत जायला वाट शोधतं आणि उंचवट्यात जिथे खिंडार असेल तिथून अरुंद पट्ट्यात वेगाने बाहेर निघतं. खिंडारात पाणी खोल असल्यामुळे तिथे लाटा फारशा फुटत नाहीत. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मध्ये शांत, गडद पट्टा. घाटावरून आलेल्या माणसाला तोच पट्टा सुरक्षित वाटतो, आणि तो पोरांना घेऊन नेमका तिथेच उतरतो. मला याचाच सगळ्यात जास्त त्रास होतो. किनाऱ्यावरची सर्वांत वाईट जागा सर्वांत निवांत दिसते आणि हे कुठल्याही सहलीच्या पत्रकात छापलेलं नसतं.

आकडे बघा. अमेरिकेच्या ‘नोआ’ या सरकारी सागर व हवामान संस्थेच्या माहितीप्रमाणे अशा प्रवाहाचा वेग साधारणपणे सेकंदाला ०.३ ते ०.६ मीटर असतो आणि २.४ मीटरपर्यंतही मोजला गेला आहे. चीनच्या पान झानले याने पॅरिसमध्ये १०० मीटर ४६.४० सेकंदांत पोहून विश्वविक्रम केला, तो वेग सेकंदाला २.१५ मीटर होतो. टँकमध्ये हजार मीटर २२ मिनिटांत पोहणाऱ्या आपल्या माणसाचा वेग सेकंदाला जेमतेम पाऊण मीटर. ०.६ च्या ओढीविरुद्ध तो किनाऱ्याकडे निघाला तर सेकंदाला १५ सेंटिमीटर पुढे सरकेल, म्हणजे ५० मीटर यायला साडेपाच मिनिटं लागतील, तीही पूर्ण ताकदीने आणि लाटांच्या माऱ्यात. बहुतेकांचा दम त्याआधीच सुटतो.

“समुद्राने खाली खेचलं”, “भोवऱ्यात सापडला” असं बातम्यांत छापून येतं. ही ओढ माणसाला खाली खेचत नाही, ती त्याला बाहेर नेते. तो बुडतो तो दमल्यामुळे आणि घाबरल्यामुळे. हा फरक जीव वाचवणारा आहे, म्हणून त्यावर एवढा जोर देतो. ओढीत सापडल्यावर किनाऱ्याच्या दिशेने झगडायचं नाही. उताणं होऊन तरंगायचं, श्वास सावरायचा, एक हात वर करून मदत मागायची. जेमी मॅकमहान या संशोधकाने कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेला आणि इतर किनाऱ्यांवर जीपीएस लावलेले तरंगते बोये ओढीत सोडले, तेव्हा त्यातले बरेचसे गोल फिरून काही मिनिटांत उथळ भागाकडे परत आले. प्रत्येक वेळी तसंच होईल याची हमी नाही. म्हणून दम टिकून असेल तर किनाऱ्याला समांतर, जिथे लाटा फुटताना दिसतात त्या बाजूला सरकायचं. फेस दिसतो तिथे पाणी उथळ असतं आणि लाटच आपल्याला किनाऱ्याकडे ढकलते.

१५ एप्रिल २०१७ ला मालवणजवळच्या वायरी-भूतनाथ किनाऱ्यावर बेळगावहून आलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलीतले आठ जण बुडाले. त्यानंतरही “आम्हाला पोहता येतं” हे वाक्य थांबलेलं नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ओहोटीच माणसाला आत नेते, असं म्हणतात. मोकळ्या किनाऱ्यावर ओहोटीचं पाणी सहा तासांत सावकाश उतरतं, तेवढ्याने कुणी वाहून जात नाही. मात्र उंचवट्यांवरचं पाणी उथळ झाल्याने खिंडारातली ओढ ओहोटीच्या सुमारास बऱ्याचदा वाढते. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथली गोष्ट निराळी, खाडीच्या तोंडाशी ओहोटीची धार खरोखरच जोरदार असते. पूर्ण भरतीची ढोबळ वेळ काढायला तिथीची पाऊणपट करतात, म्हणजे अष्टमीला सहाच्या आसपास. एवढा हिशेब उतरण्याआधी कुणालाही जमेल.

खाऱ्या पाण्यात माणूस बुडत नाही, हेही ऐकलं आहे. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असतं. साठ किलोच्या माणसाला त्याचा आधार दीड किलोचा. तरंगायला मदत होते, वाचायला तेवढं पुरत नाही.

पावसाळा सोडला की समुद्र शांत, हेही अर्धवट. एप्रिल-मे महिन्यांत हजारो किलोमीटर दूर, दक्षिण महासागरातल्या वादळांच्या लाटा आपल्या किनाऱ्यापर्यंत येतात. इथे वारा नसतो, आकाश निरभ्र असतं, आणि लाटा मोठ्या असतात. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था अशा लाटांचे इशारे देते, ते वाचायला फुकट आहेत.

बुडणारा माणूस ओरडतो, हात हलवतो, हा सिनेमातला समज. प्रत्यक्षात त्याचं तोंड पाण्याच्या वर जेमतेम श्वास घेण्यापुरतं येतं, ओरडायला हवा उरत नाही. वीस सेकंद ते मिनिटभरात तो खाली जातो, आणि शेजारी उभ्या असलेल्यांना तो खेळतोय असं वाटतं.

आणि त्याला वाचवायला मित्राने लगेच उडी घ्यायची, हा शेवटचा. घाबरलेला माणूस वाचवणाऱ्याच्या खांद्यावर चढतो आणि एकाऐवजी दोघे जातात. रिकामा कॅन, दोरी, बोया, जे तरंगेल ते त्याच्याकडे फेका. त्याच्यावरची नजर हटवू नका, दुसऱ्याला होडीवाल्याकडे पळवा, तिसऱ्याला ११२ लावायला सांगा.