तलावावर जायचे खरे, पण गाडीत कोण कोण आहे?

दिवाळी आटोपली, फराळाचे डबे रिकामे झाले की आपल्याकडे सहलीचा विषय निघतो. आणि सहल म्हटली की बहुतेकांच्या तोंडी एकच असते, "पाणी असेल तिथे जाऊ." ग्वाल्हेरचे मे-जून ज्यांनी अंगावर काढले आहेत त्यांना पाण्याचे अप्रूप का वाटते हे समजावून सांगायला नको. मग नावे पुढे येतात : तिघरा, शिवपुरी, भोपाळ, उदयपूर, नैनीताल. पुढचा अर्धा तास कोणता तलाव जास्त सुंदर यावर जातो. खरे तर हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा, की गाडीत कोण बसणार आहे? गुडघे धरलेल्या आजी, एका जागी दोन मिनिटे न टिकणारा नातू, दुर्बीण घेऊन पहाटे उठणारे काका आणि नुकतेच लग्न झालेले जोडपे या चौघांना एकच तलाव सारखाच मानवेल असे होत नाही. आणि सगळे एकत्रच निघणार असतील तर ज्याला चालणे सर्वांत कठीण, त्याच्याकडे पाहून ठिकाण ठरवावे. नाहीतर आजी दिवसभर गाडीत बसून सामान राखतात आणि घरी आल्यावर "छान झाली हो सहल" म्हणतात.

आधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. आपल्या आसपासचे बहुतेक तलाव निसर्गाने दिलेले नाहीत, कोणीतरी बांध घालून केलेले आहेत. त्यामुळे छायाचित्रात दिसते तसे पाणी बारा महिने नसते. पावसाळा संपताना तलाव भरलेला, थंडीत पाणी निवळलेले आणि पक्ष्यांनी गजबजलेले, मे महिन्यात मात्र काठापासून दूर सरकलेले आणि मध्ये नुसता भेगाळलेला चिखल. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हाच आपला हंगाम. परीक्षा संपल्यावर मुलांना न्यायचे म्हणून एप्रिलच्या शेवटी तिघऱ्याला जाण्यात अर्थ नाही.

तिघरा शहरापासून जेमतेम पंचवीस किलोमीटर. सकाळी निघून जेवायला घरी परत येता येते, म्हणून लहान मुले असलेल्या घरांना हे ठिकाण सर्वांत सोयीचे. पण नुसते पाणी दाखवून मुलांना परत आणू नका, त्या बांधाची गोष्ट सांगा. सांक नदीवरचे हे धरण माधवराव महाराजांच्या काळात, १९१६ मध्ये उभे राहिले आणि पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये फुटले. पायातल्या वालुकाश्मात पाणी मुरत गेले आणि भिंतीखालचा आधारच गेला. खालच्या गावांत फार मोठी प्राणहानी झाली. नंतर ते पुन्हा बांधले, आणि आज शंभर वर्षांनंतरही आपल्या नळाला येणारे पाणी मुख्यतः तिथलेच. पुण्याहून पाहुणे आले असतील तर त्यांना आणखी एक दुवा दाखवता येईल. विश्वेश्वरय्यांनी मुंबई इलाख्याच्या नोकरीत असताना आपोआप उघडणारे पूरदरवाजे तयार केले. ते १९०३ मध्ये पहिल्यांदा बसले पुण्याजवळच्या खडकवासल्याला, आणि नंतर आपल्या तिघऱ्याला. खडकवासल्याच्या चौपाटीवर कणीस खाल्लेल्या माणसाला ही माहिती आवडते असा अनुभव आहे.

तिघऱ्याच्या बांधावर सावली नाही. वृद्धांना न्यायचे तर सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर. आणि आपण जे पाणी पाहायला जातो तेच पितो, हे विसरू नये. पाऊस कमी झाला की ककैटो आणि पेहसारी धरणांतून पाणी आणून तिघरा भरावा लागतो, इतकी त्याची निकड. निर्माल्य, खरकटी ताटे, प्लास्टिकच्या पिशव्या यांची जागा गाडीची डिकी.

कोजागरीला तिघऱ्यावर जाऊ या, अशी सूचना दर वर्षी कोणीतरी करते. कल्पना रम्य आहे, पण रात्री धरणाच्या काठाला मुले सांभाळत मसाला दूध पिणे आणि मग अंधारात परतणे मला पटत नाही. त्या रात्रीसाठी बैजाताल बरा. मोतीमहालासमोर, शहरातच, रिक्षाने जाण्यासारखा. दौलतराव शिंद्यांच्या पत्नी, कागलच्या घाटगे घराण्यातल्या बैजाबाईंचे नाव त्याला आहे. त्यांनी १८२७ ते १८३३ पर्यंत राज्यकारभार पाहिला होता. पाण्याच्या मधोमध रंगमंच आहे. ज्यांना तासभरापेक्षा जास्त बसवत नाही त्यांची सहल खरे म्हणजे इथेच व्हावी. लांब नेणे म्हणजेच मान देणे असे थोडेच आहे?

तीन पिढ्या एकत्र निघणार असतील तर माझे मत शिवपुरीला. अंतर सव्वाशेच्या आत आणि एकाच दिवसात तिघांनाही काहीतरी मिळते. तिथला सख्यासागर मनियर नदी अडवून १९१८ मध्ये केला. नाव माधवराव महाराजांच्या मातोश्री सख्याराजे यांचे. शेजारचा तलाव माधवसागर. म्हणजे जंगलात आईच्या नावाचे पाणी आणि लेकाच्या नावाचे पाणी जवळजवळ, आणि गावातल्या छत्र्यांतही तेच : एका बाजूला सख्याराजेंची छत्री, समोर १९२५ मध्ये पॅरिसला वारलेल्या माधवरावांची, आणि मध्ये कुंड. दोघांचे पुतळे समोरासमोर. जिवंत माणसांची करावी तशी त्यांची सेवा होते, नैवेद्य असतो, संध्याकाळी गायन असते. आजी-आजोबांना इथे निवांत बसवावे. बाग सपाट आहे, बसायला जागा आहे. फक्त आत जाताना चपला काढाव्या लागतात आणि डिसेंबरात संगमरवर बर्फासारखा लागतो. जाडे मोजे बरोबर घ्या.

मुलांसाठी माधव राष्ट्रीय उद्यान. मार्च २०२३ मध्ये इथे पुन्हा वाघ आणून सोडले आणि २०२५ मध्ये ते व्याघ्र प्रकल्प झाले. वाघ दिसेलच असे मुलांना आधी सांगून ठेवू नका, परतीच्या वाटेवर रडारड होते. मगरी मात्र बहुधा दिसतात. थंडीत त्या ऊन खात काठावर पडलेल्या असतात. म्हणूनच सख्यासागरात पाय बुडवायचा नाही, हात धुवायलाही वाकायचे नाही. उंचावरचा जॉर्ज कॅसल पंचम जॉर्ज यांच्या मुक्कामासाठी बांधला आणि ते तिथे राहिलेच नाहीत. ही गोष्ट मुलांना भलतीच आवडते. पावसाळ्यात उद्यान बंद असते, तेव्हा ऑक्टोबरच्या आधी बेत आखू नये.

पक्षी पाहणाऱ्यांना सख्यासागराबद्दल वेगळे सांगायला नको, २०२२ पासून तो रामसर यादीत आहे. पण शहराचे सांडपाणी तलावात येत राहिले आणि जलपर्णीने पाण्याचा मोठा भाग झाकला, हेही तिथे गेल्यावर दिसते. आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला म्हणजे गटार आपोआप वळत नाही. इंदूरला नातेवाईक असलेल्यांनी होळकरांच्या काळातला सिरपूर तलाव आणि यशवंतसागर जरूर पाहावेत, तेही त्याच वर्षी यादीत आले. सिरपूर तर शहरातच आहे, सकाळच्या चहाआधी फेरी मारून होते.

इतिहासाची आवड असलेल्यांनी शिवपुरीत तात्या टोपे यांच्या स्मारकाशी थांबावे. येवल्याच्या या माणसाला १८ एप्रिल १८५९ रोजी शिवपुरीतच फाशी दिली गेली. याच मंडळींना मी बरुआसागरही सुचवीन. झाशीपासून वीस-पंचवीस किलोमीटर, खजुराहोच्या रस्त्यावर. ओरछ्याचे राजा उदित सिंह यांनी बांध घालून केलेला हा तलाव आणि वर किल्ला. अठराव्या शतकात मराठे आणि बुंदेले इथे लढले. राणोजी शिंद्यांचे पुत्र ज्योतिबा बुंदेलखंडात मारले गेले तेही याच परिसरात. आपल्या घराघरांत महादजींचे नाव निघते, त्यांच्या या भावाचे क्वचितच. पण इथे सोयी बेताच्या, चढण आहे, खाण्याचे बरोबर न्यावे लागते. हौशी चार-पाच जणांनी जावे, पूर्ण बस नेऊ नये.

दोन दिवस हातात असतील तर भोपाळ. मोठ्या तलावांमध्ये ज्येष्ठांना सर्वांत मानवणारे ठिकाण हेच, कारण ग्वाल्हेरहून थेट रेल्वे आहे आणि राजा भोजाच्या मोठ्या तलावाच्या काठाने सपाट रस्ता आहे. वनविहारही पाण्याला लागूनच. मोटारबोटीची हौस धरून मात्र जाऊ नका. राष्ट्रीय हरित अधिकरणाने २०२३ मध्ये तिथल्या इंधनावरच्या क्रूझ आणि मोटारबोटी बंद करायला सांगितल्या. भोपाळचे पाणीही पिण्याचेच आहे, तेव्हा यात तक्रार करण्यासारखे काही नाही.

उदयपूर नवविवाहितांचे. खजुराहो-उदयपूर गाडी ग्वाल्हेरवरून जाते. पिछोल्याच्या बाजूला गल्ल्या अरुंद आणि पायऱ्या भरपूर, फतेहसागराचा काठ त्या मानाने सोपा. नैनीताल सुमारे दोन हजार मीटरांवर. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नये.

आता बोटीबद्दल, आणि यात भीड ठेवू नये. १८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. बारा मुले आणि दोन शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि अनेकांच्या अंगावर जॅकेट नव्हते. आपल्या मंडळींत साडीवर जॅकेट बरे दिसत नाही म्हणून नको म्हणणाऱ्या काकू असतात, आणि "पाच मिनिटांचा तर फेरा" म्हणणारे काकाही. जॅकेट नसेल तर बोट नाही, एवढे निघण्यापूर्वीच ठरवून घ्यावे. बोटी चालू आहेत का आणि शेवटची फेरी किती वाजता, हे आदल्या दिवशी फोन करून विचारावे. पावसाळ्याच्या अखेरीस नरवरकडे अटलसागर, म्हणजे मडीखेडा धरण पाहायला जाणाऱ्यांनी भिंतीखालच्या नदीपात्रात उतरू नये. ऑगस्ट २०२१ मध्ये सिंध नदीला पूर आला तेव्हा खालचे पूल वाहून गेले होते.

कार्तिकात आवळीभोजन आणि सहल एकत्र करायची असेल तर शिवपुरीच सोयीची. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दह्याचा डबा घरूनच घ्यावा आणि जेवण उद्यानाबाहेर उरकावे. जंगलात अन्न उघडले की माकडे येतात. सकाळी सहाला लश्करहून निघा, मोहन्याला चहा घ्या, ऊन चढण्याआधी उद्यान पाहून घ्या आणि दुपार छत्रीच्या बागेत काढा. संध्याकाळचे गायन ऐकायला थांबणार असाल तर परतीचा प्रवास अंधारात होईल, तेव्हा चालवणाऱ्याला दुपारी तासभर झोपू द्या.