काचबिंदूची नळी : अहमद व्हॉल्व्ह आणि मदुराईचा माल

जरीकाम करणाऱ्याला सुईत धागा ओवता येईनासा झाला की तो चष्मा बदलून घेतो. काचबिंदूत असा इशारा मिळत नाही. धागा बरेच दिवस ओवता येतो. जाते ती कडेची नजर. बाजूने आलेली हातगाडी दिसत नाही, पायरीवर पाय अडखळतो. आणि मोतीबिंदूप्रमाणे ऑपरेशन करून ही गेलेली नजर परत मिळत नाही. उरलेली तेवढी राखता येते.

डोळ्यात स्वच्छ पाणी सतत तयार होत असते, दिवसाला जेमतेम तीन मिलिलिटर. त्याची बाहेर जाण्याची वाट तुंबली की दाब वाढतो आणि मागच्या नसेला इजा होते. आधी थेंब, लेसर किंवा नेहमीची शस्त्रक्रिया. एवढ्याने भागले नाही, तर पाण्याला नवी वाट देणारी नळी बसवतात. व्यापाराच्या पानावर हा विषय घेण्याचे कारण ही नळीच.

वस्तू दिसायला साधी. अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड सिलिकॉनची नळी आणि तिला जोडलेली चपटी पाटी. नळीचे टोक डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात जाते. पाटी पापणीआड, पांढऱ्या भागावरच्या पडद्याखाली शिवतात. पाणी पाटीभोवती जमते आणि हळूहळू शरीरात जिरते. दक्षिण आफ्रिकेत डॉ. अँथनी मोल्टेनो यांनी अशी रचना १९६० च्या दशकाअखेर पुढे आणली.

अडचण एकच होती : सुरुवातीला पाणी फार वेगाने निघून डोळा मऊ पडायचा. यावर मतीन अहमद यांनी तोड काढली. सिलिकॉनचे दोन पातळ पडदे ताणून त्यांनी झडप बनवली. दाब उतरला की ती मिटू लागते. त्यांच्या कॅलिफोर्नियातील न्यू वर्ल्ड मेडिकल कंपनीने १९९३ मध्ये ती बाजारात आणली. आज जगभरचे डॉक्टर तिला ‘अहमद व्हॉल्व्ह’ म्हणतात. पण परदेशी माल, त्यामुळे गरिबाच्या आवाक्याबाहेर.

येथे मदुराईचे काम सुरू होते. अरविंद नेत्र रुग्णालयाच्या ऑरोलॅबने १९९२ पासून मोतीबिंदूची भिंगे स्वस्तात बनवली होती. २०१३ मध्ये त्यांनी ‘आडी’ ही नळी काढली. तिचा नमुना बेअरवेल्ट या जुन्या अमेरिकी पाटीचा. क्षेत्रफळ ३५० चौरस मिलिमीटर, अहमदच्या जवळपास दुप्पट. झडप नाही. त्याऐवजी सर्जन नळीला विरघळणाऱ्या धाग्याने गाठ मारतो. पाच-सहा आठवड्यांत पाटीभोवती वेष्टन तयार होते, धागा विरतो आणि पाणी वाहू लागते. महागड्या झडपेचे काम एका गाठीवर भागवले, ही कारागिराला पटणारी गोष्ट आहे. किंमत अहमदच्या मानाने कितीतरी कमी.

म्हणून स्वस्त ते हलके असे समजू नये. मोठ्या पाटीने दाब अधिक खाली राहतो असे अनुभव आहेत. मात्र गाठ सुटेपर्यंत थांबावे लागते, थेंब चालू ठेवावे लागतात, आणि डोळा मऊ पडण्याचा धोका झडपेपेक्षा जास्त. दाब तातडीने उतरवायचा असेल तर झडप बरी. निवड डॉक्टरने डोळा पाहून करावी, परंतु कोणती नळी, का आणि बिलात तिचे वेगळे किती, हे विचारायला बांधवांनी लाजू नये. दुकानात मापाची खात्री करून घेणारा माणूस रुग्णालयात मात्र न वाचता सही करतो.

चाळिशीनंतर, आणि घरात आई-वडील किंवा भावंडांना काचबिंदू असेल तर त्याआधीच, डोळ्याचा दाब व मागची नस तपासून घ्यावी. दाब ठीक असूनही नस खराब झालेली सापडते, म्हणून दोन्ही.