राखलेलें रान

जयसिंगपुराहून पहांटे निघून दिवेलागणीपर्यंत घरीं परततां येईल अशा टापूंत पायीं हिंडण्यासारखें रान कोणतें, असें विचारल्यास बहुतेक लोक राधानगरी-दाजीपूरच्या घनदाट अरण्याकडे बोट दाखवितील. आम्हीं मात्र गेल्या मार्गशीर्षांत उत्तरेची वाट धरली. सांगली जिल्ह्यांतील सागरेश्वर अभयारण्य आमच्या गांवापासून सुमारें साठ किलोमीटर दूर आहे. तेथें सह्याद्रीचा मुसळधार पाऊस नाहीं, बारमाही झरा नाहीं. आणि तेथील वन आपोआप वाढलेलें नसून माणसांनीं उभें केलेलें आहे. तेंच आम्हांस पाहावयाचें होतें.

बेत ऐकतांच सूनबाई म्हणाल्या, "जिना चढतांना गुडघा धरतां, आणि डोंगर कसले चढतां?" शेवटीं नातीनें बरोबर जावें, या अटीवर परवानगी मिळाली. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि पाण्याच्या चार बाटल्या घेऊन आम्ही दोघें निघालों. सांगली, पलूस, किर्लोस्करवाडी, कुंडल अशी वाट मागें पडत गेली. अभयारण्याला लागूनच देवराष्ट्रें हें गांव आहे. यशवंतराव चव्हाणांचा जन्म १९१३ सालीं येथेंच झाला. पायथ्याशीं सागरेश्वराच्या जुन्या दगडी देवळांचा समूह आहे. तेथें दर्शन घेऊन आम्ही फाटकाशीं आलों, नांवें नोंदविलीं, आणि पायवाटेस लागलों. ती वाट चढून, धारेवरून फिरून, पुन्हां खालीं येते. आमच्या चालीनें तिला चार तास लागले.

पहिल्याच चढावर आमची परीक्षा झाली, पण ती गुडघ्याची नव्हे. एका कांटेरी झाडाकडे बोट करून नातीनें विचारलें, "आजोबा, हें कोणतें झाड?" आम्हीं तीस वर्षें संस्कृत शिकविलें. खदिर, शमी, पलाश हे शब्द मुलांकडून घोकून घेतले. नवग्रहांच्या समिधा आजही तोंडपाठ आहेत. पण समोरचें झाड कांहीं ओळखवेना. शेजारून जाणारा वनरक्षक म्हणाला, "गुरुजी, हा खैर." मंगळाची समिधा म्हणून ज्याचें नांव आम्हीं इतक्या वेळां उच्चारलें, ज्याच्या गाभ्यापासून विड्यांतला कात होतो, तो खदिर आम्हांस पासष्टीच्या घरांत प्रथम भेटला! त्यानें खूणही सांगितली: बाभळीचे कांटे लांब व सरळ, खैराचे आंखूड व वांकडे. नातीनें दोहोंचीं छायाचित्रें मोबाइलमध्यें घेतलीं. आम्हीं बोट टोंचून घेऊन तो पाठ पक्का केला.

सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं एस्. टी. च्या खिडकींतून या टेकड्या पाहिल्याचें आम्हांस आठवतें. तेव्हां येथें बहुतेक मुरूमच दिसत असे. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनीं येथें वन उभें करण्याचा ध्यास घेतला, लोक जोडले, सरकारचा पाठपुरावा केला. झाडें लागलीं, कुंपण झालें, बाहेरून हरणें आणून सोडण्यांत आलीं. १९८५ सालीं अभयारण्य जाहीर झालें. त्याचें क्षेत्र अवघें १०.८७ चौरस किलोमीटर आहे.

त्याच सुमारास आम्ही ज्या शाळेंत होतों, तेथेंही वृक्षारोपण झालें होतें. मुलांनीं मोठ्या हौसेनें गांवच्या टेकडीवर दोनशें रोपें लावलीं. भाषण आम्हींच केलें. पुढल्या होळीपर्यंत एकही रोप उरलें नाहीं. कांहीं शेळ्यांनीं खाल्लीं, उरलेलीं गवताच्या वणव्यांत गेलीं. त्यानंतर आम्ही वर्गांत म्हणत असूं, "मुलांनो, माळाला रान मानवत नाहीं." हें वाक्य आम्हीं किती पिढ्यांना ऐकविलें, याचा हिशेब धारेवर बसून करतांना लाज वाटली. आमचा माळ या टेकड्यांहून अधिक करंटा नव्हता. तेथें रोपें लावणारे दोनशें हात होते, पण राखणारा एकही नव्हता.

माथ्यावरून हा भेद डोळ्यांनीं दिसतो. खालीं कृष्णाकांठची हिरवी ऊंसशेती. जवळच, कुंपणापलीकडे उघडे उतार. आणि अलीकडे झाडी. माती तीच, पाऊस तोच. आंत चराई बंद, कुऱ्हाड बंद. उन्हाळ्यांत जनावरांसाठीं पाणवठ्यांत पाणी आणून भरावें लागतें, असें वनरक्षकानें सांगितलें. या राखणीलाही दुसरी बाजू आहे. येथलीं हरणें बाहेर पडून शेतांत शिरतात, आणि शेजारच्या शेतकऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते. रान राखावयाचें, तर त्या शेतकऱ्याचें नुकसान भरून देणें हाही राखणीचाच भाग मानावा लागेल.

उतरतांना चितळांचा कळप आडवा गेला. सांबराच्या लेंड्या तेवढ्या दिसल्या. मोकळ्या गवतांत मात्र एक काळवीट क्षणभर उभें राहिलें. कृष्णसार मृग जेथें स्वभावतः संचार करतो तो देश यज्ञाला योग्य, असें स्मृतिकार सांगतात. मुंजींत त्याचेंच अजिन बटूला देत. आम्हीं नातीला हें सांगितलें. ती म्हणाली, "पण आजोबा, इथें तर हरणें आणून सोडलींत. मग हा देश योग्य कीं अयोग्य?" उत्तर आम्हांस चटकन सुचलें नाहीं. फाटकाशीं पोंचल्यावर म्हणालों, "पूर्वीं देश पाहून यज्ञ करीत. इथें आधीं यज्ञ केला, मग देश झाला."

ज्यांना जावयाचें असेल त्यांनीं श्रावण ते माघ या काळांत, सकाळीं लौकर जावें. माणशीं दोन बाटल्या पाणी घ्यावें, वाट सोडूं नये, आणि घरांतील एखादें मूल अवश्य बरोबर न्यावें. आपण काय शिकविलें आणि काय शिकलोंच नाहीं, हें त्याच्या प्रश्नांवांचून कळत नाहीं.

परत आल्यावर घराशेजारच्या मोकळ्या जागेंत, मालकाला विचारून, आम्हीं पांचच रोपें लावलीं. त्यांत एक खैर आहे. या वेळीं भाषण केलें नाहीं. कांट्यांचें कुंपण केलें. पाणी घालण्याची पाळी एक दिवस आमची, एक दिवस नातीची. होळी जवळ येत आहे. पांचही रोपें अजून उभीं आहेत.